चिंचोके, वडापाव आणि मतपत्रिका: नववी-दहावीला लोकशाही आणि भांडवलशाही कशी शिकवावी

बालभारतीच्या दहावीच्या राज्यशास्त्रात संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीसमोरची आव्हानं हे धडे आहेत. भांडवलशाही हा शब्द मुलांना भेटतो तो भूगोलात, नववीच्या अर्थशास्त्राच्या परिचयात. पुस्तकं दोन, तासिका दोन, बऱ्याच शाळांत शिक्षकही दोन. मुलं दोन्ही व्याख्या पाठ करतात, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्यांच्या कानावरही पडत नाही. गावात मात्र दोन्ही एकाच गल्लीत राहतात. ज्याच्या दुकानातून उधारीवर किराणा येतो, तोच ग्रामपंचायतीला उभा असतो.

सामाजिक शास्त्रं पहिल्यांदाच शिकवायला घेतलेल्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. माझा आग्रह एकच आहे: वर्षभर मुलांसमोर एक प्रश्न धरून ठेवा. हा निर्णय माणसं मोजून झाला, की पैसे मोजून? मतदान केंद्रावर माणसं मोजतात, बाजारात पैसे मोजतात. दोन्ही पद्धतींमागे कारणं आहेत, आणि एकीची हद्द कुठे संपते नि दुसरीची कुठे सुरू होते यावर सगळ्या जगाचं राजकारण चालतं. पंधरा वर्षांच्या मुलाला हे नक्की कळतं, फक्त ते हाताने करून बघायला मिळालं पाहिजे.

सुरुवात फळ्यावरच्या फुलीपासून

बहुतेक मुलांना वाटतं की लोकशाहीच्या विरुद्ध बाजूला भांडवलशाही असते. काहींना दोन्ही एकच वाटतात. पहिल्या तासाला फळ्यावर मोठी फुली काढा, उभी एक रेघ आणि आडवी एक रेघ. उभ्या रेघेचा प्रश्न: राज्य करणाऱ्यांना मत देऊन खाली उतरवता येतं का? आडव्या रेघेचा प्रश्न: जमीन, कारखाने, दुकानं बहुतांशी खासगी मालकीची आहेत की सरकारी?

मग एकेक देश त्यावर बसवत जा. नॉर्वेत निवडणुका आहेत, खासगी उद्योग आहेत, कर भरपूर आहेत आणि सगळ्यात मोठ्या तेल कंपनीत सरकारचा मोठा हिस्सा आहे. चिलीमध्ये १९७३ पासून १९९० पर्यंत लष्करी राजवट होती आणि तिने बाजार मात्र सताड उघडा केला. सोव्हिएत संघात १९९१ पर्यंत कारखाने सरकारचे होते आणि पक्ष एकच होता. आजच्या चीनमध्ये खासगी कंपन्या आहेत, शेअर बाजार आहे, पण सत्ता एकाच पक्षाकडे आहे. भारतात १९५० पासून संविधान आहे, अर्थव्यवस्था मिश्र ठेवलेली आहे, आणि जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांवरचा परवान्याचा फास सुटला.

एक कोपरा जवळजवळ रिकामा राहतो: निवडणुका मोकळ्या आहेत आणि तरी सगळी मालमत्ता सरकारची आहे असा. एखादं चुणचुणीत मूल विचारतंच, तो रिकामा का? घाईने उत्तर देऊ नका. पगार, घर आणि छापखाना सगळंच सरकारच्या हाती असेल तर सरकारविरुद्ध प्रचार कोण करणार, इथपर्यंत मुलं आपली आपण येतात. त्याच तासाला चिलीकडे पुन्हा बोट दाखवा, म्हणजे बाजार मोकळा असला की लोकशाही आपोआप येते हा दुसरा गैरसमजही तिथल्या तिथे निघतो.

ही फुली चार्टपेपरवर उतरवून वर्गात टांगून ठेवा. वर्षभर उपयोगी पडते.

चिंचोक्यांचा तास

सगळ्या उपक्रमांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून सविस्तर सांगते.

पट चाळीसचा धरू. चारशे चिंचोके मोजून घ्या. चाळीस चिठ्ठ्या करा: चार चिठ्ठ्यांवर ६०, दहा चिठ्ठ्यांवर १०, आठ चिठ्ठ्यांवर ३ आणि उरलेल्या अठरांवर २. बेरीज बरोबर चारशे होते. चिठ्ठ्या मुलांनीच डब्यातून उचलायच्या. कोणाला किती द्यायचे हे तुम्ही ठरवू नका. वर्गात खऱ्याखुऱ्या श्रीमंत आणि खऱ्याखुऱ्या गरीब घरची मुलं बसलेली असतात. वाटप तुमच्या हातून झालं तर खेळाचं टोक भलत्याच ठिकाणी रुततं.

आता प्रश्न विचारा, आणि तो खरा असू द्या. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला काय करायचं: खो-खो, वाचनालय, की प्रोजेक्टरवर माहितीपट? मुख्याध्यापकांची परवानगी आधीच काढून ठेवा, कारण जे ठरेल ते खरोखर करायचं आहे. लुटुपुटूच्या प्रश्नावर मुलं लुटुपुटूचंच मत देतात.

पहिली फेरी: गुप्त चिठ्ठी, प्रत्येकाला एक मत. निकाल फळ्यावर लिहा.

दुसरी फेरी: एका चिंचोक्याला एक मत. तीन डबे ठेवा आणि ज्याला जिथे टाकायचेत तिथे टाकू द्या. चार मुलांकडे मिळून चारशेपैकी २४० चिंचोके आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्या चौघांचं एकमत झालं की बाकी छत्तीस जणांनी काहीही केलं तरी निकाल बदलत नाही. या फेरीत वर्गाकडे नीट बघा. दोन चिंचोकेवाली मुलं हळूहळू चर्चेतून बाहेर पडतात, कोणी चिंचोके टाकायलाही उठत नाही. साठवाल्यांभोवती मात्र घोळका जमतो, कोणी मनधरणी करतं, कोणी काही कबूल करतं. हे सगळं टिपून ठेवा आणि नंतर त्यांच्यासमोर मांडा. कोणाचं नाव घेऊ नका.

तिसरी फेरी: चिंचोके ज्याचे त्याच्याकडे राहतील, पण मत प्रत्येकाला एकच. ही सहकारी संस्था.

तिन्ही निकाल शेजारी शेजारी लिहून झाले की खरं शिकवणं सुरू होतं. पहिली पद्धत ग्रामपंचायतीची आणि विधानसभेची. दुसरी कंपनीची: भागधारकांचं मतदान झालं की ज्याच्या नावावर जास्त शेअर त्याची मतं जास्त. तिसरी पद्धत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये आहे. सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. शहरातल्या मुलांना हे त्यांच्या इमारतीवरून पटकन कळतं. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत वन बीएचकेवाल्याचं आणि थ्री बीएचकेवाल्याचं मत सारखंच असतं.

दुसऱ्या पद्धतीची बाजूही मुलांकडून प्रामाणिकपणे मांडून घ्या. ज्याने जास्त पैसा लावला त्याचं जास्त बुडणार, मग त्याचं म्हणणं जास्त का ऐकू नये? या युक्तिवादात दम आहे. तो खलनायकाच्या तोंडी घालू नका. नंतर विचारा: मग हीच पद्धत सरपंच निवडताना का नको? तिथे वर्ग शांत होतो आणि मग एकदम बोलायला लागतो.

मत पूर्वी पैशावरच मिळायचं

चिंचोक्यांचा तास ताजा असतानाच इतिहास आणा. ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली मताधिकार मालमत्ता, भरलेला कर, शिक्षण अशा अटींवर मिळत असे. मुलांना घरून विचारून यायला सांगा: पणजोबांची किती शेती होती, ते शाळेत किती शिकले, पणजीला लिहिता येत होतं का? उत्तरं वहीतच राहू द्या, जाहीर वाचून घेऊ नका. तेव्हा आपल्या घरात मत कोणाला मिळालं असतं, एवढं प्रत्येकाने स्वतःशी ठरवलं तरी पुरे.

आणि मग १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. सतरा कोटींहून अधिक मतदार, त्यातले बहुसंख्य निरक्षर, म्हणून पक्षांना चिन्हं दिली गेली. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. मतदारयाद्या करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. अशा सुमारे २८ लाख नोंदी यादीतून वगळाव्या लागल्या. दहावीतल्या मुलींना हा तपशील लागतो, तिथे थोडं थांबा. मताचं वय २१ वरून १८ झालं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. हेही सांगा, कारण समोर बसलेल्यांना मतदानाला तीनच वर्षं उरलेली असतात.

इथे एकच मजकूर जसाच्या तसा वाचून घ्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत केलेल्या भाषणातला तो उतारा. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल ठेवतो आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता राहील, असं त्यांनी बजावलं होतं. ही विसंगती लवकरात लवकर दूर केली नाही तर विषमतेचे चटके सोसणारे लोक राजकीय लोकशाहीचा डोलाराच उधळून लावतील, हेही त्यात आहे. मुलांच्या हातात पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचे निकाल असतात. बाबासाहेब कशाबद्दल बोलत आहेत हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

वर्गाची निवडणूक, पण खऱ्यासारखी

हुशार मुलाला उभं करून मॉनिटर नेमायची पद्धत सोडा. उमेदवारी अर्ज, सूचक, छाननी, माघार, चिन्ह, मतदारयादी, गुप्त मतदान, मतमोजणी, सगळं करा. तुम्हाला निवडणुकीची ड्युटी लागलेली असेल तर ते अनुभव इथे कामाला येतात. प्रत्यक्ष मतदानाआधी एजंटांसमोर किमान ५० मतांचं मॉकपोल, म्हणजे चाचणी मतदान, घेतात, दिलेलं मत छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते, मतदान संपल्यावर १७ सी नमुन्यात मतांचा हिशेब लिहून एजंटांना प्रत देतात. यातली प्रत्येक गोष्ट अविश्वासावर उपाय म्हणून आलेली आहे, हे मुलांना कळू द्या. वर्गात टेबलावर दप्तरांची आडभिंत करा, डब्याचं झाकण दोन्ही उमेदवारांसमोर उघडून रिकामा डबा दाखवा, ‘नोटा’ची, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’ असं मत द्यायची, सोय ठेवा.

खर्चाची मर्यादा शून्य रुपये ठेवा आणि ती पाळली जाते का बघा. कोणीतरी चॉकलेट वाटतंच. ओरडू नका, तो धडा आहे. आपल्यासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा २०२२ पासून लागू आहे. ही मर्यादा मुळात का घालावी लागते? चिंचोके मतपेटीत शिरू नयेत म्हणून. ही दुसऱ्या फेरीची आठवण मुलंच काढतात.

निवडणूक झाली की पुढच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट करा, ती बहुतेकांकडून राहून जाते. वर्गसभेत ठराव मांडा: ज्यांची दप्तरं निळी आहेत त्यांनीच महिनाभर वर्ग झाडायचा. निळी दप्तरं कमी असतील तर ठराव दणक्यात मंजूर होतो. मग संविधानाचं कलम १४ फळ्यावर लिहा, कायद्यापुढे समानता. बहुमताने काय करता येतं, याच्याइतकंच बहुमताने काय करता येत नाही हे महत्त्वाचं आहे, आणि ‘बहुमत म्हणजे लोकशाही’ एवढंच शिकून गेलेली पिढी धोक्याची असते. ठराव अर्थातच रद्द करायचा, झाडायची पाळी सगळ्यांची.

वडापावची गाडी

भांडवलशाही शिकवताना व्याख्येने सुरुवात केली की वर्ग झोपतो. हिशेबाने करा. आकडे आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्या, मी एक नमुना देते.

गाडा, शेगडी, कढई, भांडी मिळून तीस हजार रुपये. हे भांडवल. रोज दोनशे वडापाव, पंधरा रुपयाला एक, म्हणजे तीन हजारांची विक्री. बटाटे, बेसन, तेल, पाव, गॅस यांचे सतराशे. दोन कामगार, चारशे रुपये रोज, म्हणजे आठशे. संध्याकाळी हातात उरतात पाचशे. महिन्याला पंचवीस दिवस धंदा धरला तर साडेबारा हजार, जागेचं भाडं अडीच हजार वजा केलं की दहा हजार.

प्रश्न: हे दहा हजार कोणाचे? मुलं म्हणतात मालकाचे. मालकीण पहाटे पाचपासून बटाटे सोलत असेल तर त्यातला तिचा पगार किती आणि नफा किती? ती घरी बसून असेल तर? तीस हजार बचत गटाकडून कर्जाऊ घेतलेले असतील तर व्याज कोणाच्या वाटणीतून जाईल? एका तासात भांडवल, मजुरी, नफा, व्याज, भाडं हे सगळे शब्द जागेवर येतात.

आता रस्त्यापलीकडे दुसरी गाडी लागली आणि तिने भाव बारा रुपये ठेवला. आपणही बारा केले तर विक्री चोवीसशे, खर्च पंचवीसशे. रोज शंभरचा तोटा. गटागटाने उपाय काढायला सांगा. ‘वडा लहान करू’, ‘एक कामगार कमी करू’, ‘चटणी अशी करू की लोक पंधराही देतील’, ‘दोघं मिळून भाव ठरवू’. हे चारही उपाय खऱ्या बाजारात रोज चालतात. चटणीवाल्या गटाला स्पर्धेतून नवं काही कसं निघतं ते सापडलेलं असतं. कामगार कमी करणाऱ्या गटाला त्या कामगाराच्या जागी उभं करा आणि बोलू द्या. संगनमत करणाऱ्या गटाला गिऱ्हाइकांनी जाब विचारू दे.

मग नियम आणा. अन्नसुरक्षेची नोंदणी, किमान वेतन, चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला न ठेवणं. हे नियम कोण करतं? ज्यांना आपण निवडून देतो ते. ते आपोआप झाले का? इथे मुंबईच्या गिरण्या सांगायच्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, मागण्या लावून धरल्या, आणि १० जून १८९० रोजी रविवारच्या साप्ताहिक सुटीचा निर्णय झाला. त्या कामगारांपैकी कोणालाही विधिमंडळात मत नव्हतं. मताखेरीजही लोकशाहीची साधनं असतात, संघटना, सभा, अर्ज, संप, हे त्यातून कळतं. संपाने नेहमी जिंकता येतं असं मात्र सांगू नका. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते आणि बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही. गिरणगावात ज्यांचे आजोबा होते अशी मुलं आजही मुंबईच्या, आणि कोकण-साताऱ्याच्याही, वर्गांत असतात. त्यांना घरी विचारून यायला सांगा, पुस्तकात नाही ते घेऊन येतात.

कांदा: दोन्ही जिथे समोरासमोर येतात

वर्गात लिलाव भरवा. आठ-दहा मुलं शेतकरी, चार-पाच व्यापारी, एक मापाडी, दोघं हमाल, काही शहरातली गिऱ्हाइकं, एक खासदार. आधी आवक कमी ठेवा, मग दुप्पट करा, आणि व्यापाऱ्यांची बोली कशी पडते ते सगळ्यांना दिसू द्या. नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना हे शिकवायचं नसतं, तिथे तुम्हीच शिकायचं असतं. लासलगावला ट्रॉली घेऊन गेलेला मुलगा वर्गात असला तर लिलाव त्याच्यावर सोपवा.

नंतर खऱ्या तारखा लिहा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ४ मे २०२४ ला ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क या अटींवर. लोकसभेची निवडणूक चालू होती आणि नाशिक, दिंडोरीत मतदान होतं २० मे रोजी. तारखा एकाखाली एक लिहून खडू खाली ठेवा.

बंदी घातल्याने शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळाला, शेतकऱ्याचा भाव पडला. मतं दोघांनाही आहेत. शहरातल्या मतांची संख्या मोठी, शेतकऱ्याची उपजीविकाच त्यावर. खासदाराने काय करावं? खासदार झालेल्या मुलाला निर्णय घ्यायला लावा आणि दोन्ही बाजूंना सामोरं जायला लावा. बाजारात सरकारने हात घालावा का, हा प्रश्न पुस्तकात कोरडा वाटतो, इथे मुलं हमरीतुमरीवर येतात. तुमचं मत विचारतील. तास संपेपर्यंत देऊ नका.

बाहेर पडा

दोन सभा मुलांनी डोळ्यांनी पाहाव्यात, एक ग्रामसभा आणि एक सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी किंवा संस्थेचे सचिव यांना आधी पत्र द्या. मुलं मागे बसून बघतील, बोलणार नाहीत, असं स्पष्ट लिहा.

ग्रामसभेत बघायला सांगा: किती लोक आले, गणपूर्ती झाली की तहकूब करून पुन्हा भरवली, महिला सभा आधी झाली होती का, बायका किती बोलल्या, खर्चाचा तपशील वाचून दाखवला का. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आधी शिकवलेलं असेल तर तुलना चांगली होते. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं ते गाव निर्णय बहुमतावर न सोडता सगळे राजी होईपर्यंत बोलत राहतं, आणि २००९ मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाल्यावर बांबूची विक्रीही ग्रामसभाच करू लागली. लोकशाही आणि धंदा एकाच मांडवाखाली चालू शकतात याचं आपल्या राज्यातलं हे ठसठशीत उदाहरण.

साखर कारखान्याची, दूध संघाची किंवा पतसंस्थेची सभा बघताना वार्षिक अहवालाची प्रत मिळवा. भागभांडवल, नफा, लाभांश हे शब्द वडापावच्या हिशेबातून मुलांना ओळखीचे झालेले असतात, इथे ते कोटींच्या आकड्यांत दिसतात. सहकारी संस्थेला १५ टक्क्यांहून जास्त लाभांश देता येत नाही हेही दाखवा आणि विचारा, कंपनीवर अशी मर्यादा नसताना इथे का? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभारलेला कारखाना १९५० पासून चालू झाला, तेव्हा कल्पना अशी होती की उसाचा मालकच कारखान्याचा मालक व्हावा आणि प्रत्येक सभासदाला एक मत असावं.

आणि मग मुलं जे बघतात तेही खरं असतं. व्यासपीठावरून विषय क्रमांक एक वाचायला घेतला की वाचून व्हायच्या आत मंडपातून ‘मंजूर, मंजूर’ उठतं. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातातला माईक बंद पडतो. वर्षानुवर्षं तेच संचालक बिनविरोध येतात. मुलांनी हे टिपून आणलं तर झाकू नका. एक सभासद एक मत असा नियम असूनही असं का होतं, याची कारणं त्यांनाच शोधायला लावा: ऊस वेळेवर तोडला जाणं कोणाच्या हातात आहे, नोकरी कोणाच्या शब्दावर लागते, अहवाल सभासदाला किती दिवस आधी मिळाला. या तीन प्रश्नांनी जे कळतं ते अख्ख्या धड्यात नाही. वर्गात चर्चा करताना संस्थेचं नाव घ्यायचं नाही असं ठरवून टाका. एखाद्याचे वडील संचालक असतात, एखाद्याचे तोडणी कामगार.

काही सावधगिरी

कुठल्या पक्षाला मत देता, हे मुलं विचारतीलच. मत गुप्त असतं, एवढंच सांगा. पक्षांची नावं मुलांच्या तोंडून आली तर येऊ द्या, पण नियम ठेवा की ज्या पक्षावर टीका केली त्याच्या बाजूचा एक मुद्दाही त्याच मुलाने सांगायचा. पालकांकडून तक्रार यायची शक्यता असते. म्हणून सुरुवातीलाच उपक्रमांची एक पानभर माहिती मुख्याध्यापकांच्या सहीने घरी पाठवा आणि प्रत्येक उपक्रम कुठल्या धड्याशी जोडला आहे ते त्यात लिहा.

वर्गाच्या निवडणुकीत जातीवरून गट पडलेले दिसले तर तिथल्या तिथे भाषण देऊ नका. निवडणुकीआधी उमेदवारांना लेखी जाहीरनामा द्यायला लावा आणि महिन्याने त्याचा हिशेब मागा. वाद कामावर येतो आणि गट थोडे तरी सैल होतात.

घरचं उत्पन्न, कर्ज, जमीन यांवर वर्गात कोणालाही बोलायला लावू नका. उपक्रमात पैसा नेहमी चिंचोक्यांचा किंवा कागदी असावा.

परीक्षेसाठी व्याख्या लागतातच, त्या शेवटच्या तासाला लिहून द्या. तोवर मुलांनी त्या आपल्या शब्दांत तीनदा मांडलेल्या असतात. अंतर्गत मूल्यमापनाला असे प्रश्न घाला: गावच्या पाण्याचा पुरवठा ग्रामपंचायतीने करावा, कंपनीने करावा की सहकारी संस्थेने? तिघांच्याही बाजूने दोन-दोन कारणं लिहा, मग तुमचा निर्णय लिहा. गुण कारणांना द्या, निर्णयाला देऊ नका, आणि हे मुलांना आधी सांगा.

वेळेचं गणित असं बसतं. जूनमध्ये फुली आणि चिंचोके, जुलैत वर्गाची निवडणूक. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर बऱ्याच गावांत ग्रामसभा असते, ती चुकली तर २ ऑक्टोबर आहे. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे त्या महिन्यात जवळपास कुठे ना कुठे सभा असतेच. पत्र ऑगस्टमध्येच देऊन ठेवा. वडापाव दिवाळीआधी, कांदा दिवाळीनंतर. दहावीला डिसेंबरनंतर सराव परीक्षा लागतात आणि तासिका हातात राहत नाहीत, म्हणून हे सगळं नववीलाच सुरू करता आलं तर उत्तम. चिंचोके उन्हाळ्यातच जमवून ठेवा, पावसाळ्यात मिळत नाहीत.